ताजा सूड, शिळा सूड

येत्या शनिवारी-रविवारी लातुरात आम्ही सात-आठ जण श्रीराम राघवन यांचे दोन सिनेमे लागोपाठ बघणार आहोत: ‘एक हसीना थी’ (२००४) आणि ‘बदलापूर’ (२०१५). दोन्हींत सूड, दोन्हींत रक्त, मग दोन कशाला, असं एकानं विचारलं. त्याच्यासाठी हे थोडं मागचं. शेवटही सांगणार आहे. नको असेल त्यानं इथंच थांबावं.

हिंदी सिनेमातल्या सुडाला आधी न्यायाचं पाठबळ लागायचं. ‘शोले’च्या (१९७५) मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून मारतो. आणीबाणीचे दिवस, त्यात ठाकूर माजी पोलीस अधिकारी. सेन्सॉरला ते चाललं नाही. म्हणून पोलीस ऐन वेळी येऊन गब्बरला घेऊन जातात. पुढं १९८८ साली ‘खून भरी मांग’ आला. नवऱ्यानं मगरीपुढं ढकललेली बायको नवा चेहरा घेऊन परत येते आणि शेवटी तोच मगरीच्या तोंडी जातो. फिटंफाट. थिएटरात शिट्ट्या पडायच्या त्या या हिशोबाला.

राघवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. १९९१ मध्ये त्यांनी रमण राघव या खुन्यावर छोटा सिनेमा केला होता, रघुवीर यादव यांना घेऊन. पहिला मोठा चित्रपट, ‘एक हसीना थी’, मिळाला तो रामगोपाल वर्मांच्या निर्मितीत, आणि माझ्या मते त्यात ती मगर अजून जिवंत आहे, फक्त तिचे उंदीर झालेत. ऊर्मिला मातोंडकरची सारिका वर्तक उंदरांना भिणारी, साधी नोकरदार मुलगी. सैफ अली खानचा करण तिला गोड बोलून अडकवतो आणि ती तुरुंगात जाते. तिथंच तिची भीती जाते. शेवटी ती करणला गुहेत साखळीनं बांधते आणि उंदरांच्या हवाली करते. क्रूर आहेच. तरी आपण तिच्या बाजूचे राहतो, कारण घाव ओला आहे.

‘बदलापूर’मध्ये घाव पंधरा वर्षांचा आहे. बँकेवरच्या दरोड्यानंतर पळताना लियाक आणि हरमन रघूची बायको आणि लहान मुलगा दोघांनाही मारतात. लियाक पकडला जातो, हरमन पैसे घेऊन निसटतो. रघू (वरुण धवन) पुणं सोडून बदलापुरात जाऊन राहतो आणि वाट बघतो. मूळ गोष्ट मास्सिमो कार्लोत्तो यांच्या इटालियन कादंबरीतली, पण नाव आपल्याकडचं घेतलं. गंमत म्हणजे त्या गावाचा बदल्याशी काही संबंध नाही. जुन्या काळी तिथं घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं सांगतात. आपली लातूर-मुंबई एक्सप्रेस तिथून जाते, थांबत नाही.

पंधरा वर्षांत सुडाचं काय होतं, हे आपल्याकडच्या माणसाला समजवावं लागत नाही. आमच्या भावकीत बांधाचा एक दावा वर्षानुवर्षं चालला. निकाल लागला तेव्हा ज्याच्यावर डूख धरला होता तो अंथरुणाला खिळलेला. जिंकलेल्या काकांनी पेढे आणले. पुडा फडताळात तसाच राहिला, मुंग्या लागेपर्यंत.

रघूचं तेच होतं. लियाक (नवाजुद्दीन सिद्दीकी) कॅन्सर घेऊन तुरुंगाबाहेर येतो, हरमन संसाराला लागलेला असतो. रघू हरमनला मारतो आणि त्याच्या ज्या बायकोचा दरोड्याशी संबंध नाही तिलाही सोडत नाही. तिथं आपण रघूपासून सुटतो. आणि शेवटी ते खून लियाक स्वतःच्या अंगावर घेतो! ज्याच्यावर सूड उगवायचा तोच उपकार करून जातो. आता रघूनं हिशोब कुणाशी मांडायचा?

करामत म्हणून मला ‘एक हसीना थी’ जास्त आवडतो. त्याची वीण घट्ट आहे. ‘बदलापूर’ मध्येच सैल पडतो, काही बायका त्यात फक्त रघूनं छळावं म्हणून आल्यात असं वाटतं. पण दोन दिवस डोक्यातून जात नाही तो हाच.

क्रमही तोच ठेवलाय: शनिवारी सारिका, रविवारी रघू. ‘बदलापूर’ची सुरुवात म्हणजे एक साधा वाहता रस्ता आणि त्याकडं जागचा न हलता बघत राहिलेला कॅमेरा. तेव्हा चहा उरकून दहा मिनिटं उशिरा येणाऱ्यांनी रविवारी चहा नंतर घ्यावा.