अंगणवाडीतील आरोग्य, सुरक्षा व पोषण कौशल्ये

मुलांची वाढ मोजणे, आहार नीट शिजवून वाढणे, अपघात टाळणे आणि आजार वेळीच ओळखणे यांसाठी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना लागणारी हातची कौशल्ये. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून सहा वर्षांखालील मुलांची ही जबाबदारी अंगणवाडीकडे आहे. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठचा डोंगराळ आदिवासी भाग आणि दिंडोरी-निफाडचा द्राक्षपट्टा यांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी मोजमापातली चूक दोन्हीकडे सारखीच महागात पडते.

वजन घेताना रिकामी झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणावा. मूल शांत झाल्यावर, डोळे काट्याच्या पातळीवर ठेवून आकडा वाचावा. नाशिकच्या थंडीत आया स्वेटर काढू देत नाहीत. पण दुसऱ्या वर्षात मूल महिन्याला साधारण २०० ग्रॅमच वाढते, आणि तेवढे वजन स्वेटर-टोपीचेच भरते. खुंटलेली वाढ त्याखाली झाकली जाते. खोली बंद करून, कपडे उतरवूनच वजन घ्यावे. दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे झोपवून, त्यापुढे उंची उभे करून मोजतात.

दंडघेर ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांचा, डाव्या दंडाचा घेतात. कोपर काटकोनात वाकवून खांद्याचे हाड ते कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर खूण करावी, मग हात सैल सोडून पट्टी गुंडाळावी. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण (सॅम), ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम (मॅम). पट्टी आवळली तर धडधाकट मूल सॅममध्ये जाते, ढिली राहिली तर आजारी मूल सुटते. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का, हेही पाहावे. राहिला तर काटा काहीही दाखवो, मूल गंभीर आहे, कारण सुजेच्या पाण्यानेच वजन फुगलेले असते. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

पोषणात या भागाचा मोठा आधार नागली, म्हणजे नाचणी. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. नागली रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. सुकवून, हलकी भाजून दळावी. मोडांमुळे पिष्ट फुटते आणि पेज पातळ होते, म्हणून त्याच वाटीत जास्त पीठ मावते. लहानग्याचे पोट एवढेसे, तेव्हा ही गोष्ट फार मोलाची. वरून चमचाभर तेल घातले की ४५ कॅलरी वाढतात. पण पीठ न वाढवता केलेली, पळीतून पाण्यासारखी ओघळणारी पेज पोट भरते, पोसत नाही. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत वाढावे.

जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षांचा हंगाम. अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखे बसते, म्हणून पाच वर्षांखालील मुलांना ते धुऊन, उभे चिरून, चार फोडी करूनच द्यावे. शेंगदाण्याचा कूट करावा. घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, आणि घास निघेपर्यंत हेच आलटून पालटून. वर्षाखालील बाळाचे पोट दाबू नये. थापांनंतर उताणे धरून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब द्यावेत. घास दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, तो आणखी खोल जातो.

बागायती गावांत दोन धोके कायमचे. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. कुंपण नसलेले तळे वाटेवर असेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करावी. दुसरा धोका पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेल्या फवारणीच्या औषधाचा. मुलाने ते प्यायले तर उलटी करवू नये. १०८ ला फोन करावा आणि औषधाचा मूळ डबा सोबत न्यावा.

जुलाबात ओआरएसचे अख्खे पाकीट एक लिटर पाण्यात एकदम कालवावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकले की प्रमाण चुकते, क्षार जास्त झाले तर मुलाला अपायच होतो. उरलेले पाणी २४ तासांनी फेकून द्यावे. सहा महिन्यांपुढील मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, जुलाब थांबले तरी १४ दिवस.

सुरगाणा-पेठची कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात, तेव्हा निघण्याआधी मुलाचे वजन व दंडघेर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून कार्ड आईच्या हाती द्यावे, आणि बाग असलेल्या गावच्या सेविकेला फोनवर कळवावे.