धाप लागली की आधी फुंकर

"घाबरू नका, लांब श्वास घ्या!" धाप लागलेल्या माणसाभोवती जमलेले सगळे हेच सांगतात. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णाला हा सल्ला उलटा पडतो. त्याचं दुखणं श्वास घेण्यापेक्षा सोडण्यात जास्त आहे.

विडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुरानं वर्षानुवर्षं होरपळलेल्या फुप्फुसांत नळ्या अरुंद होतात आणि वायुकोशांची, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांची, लवचिकता जाते. निरोगी फुप्फुस फुग्यासारखं आपोआप आकसतं. इथे फुग्याचं रबर सैल पडलेलं असतं. हवा आत शिरते, पण निघताना रेंगाळते.

आता हिशेब मांडू. मिनिटाला 15 श्वास असतील तर एका श्वासाला 4 सेकंद मिळतात, त्यातले साधारण अडीच उच्छ्वासाचे. जिना चढला किंवा नुसती भीती वाटली, की श्वास 30 वर जातात आणि उच्छ्वासाला जेमतेम सव्वा सेकंद उरतो. समजा, दर वेळी 50 मिलिलिटर हवा आत अडकली. दहा श्वासांत अर्धा लिटर झाली, म्हणजे शांत बसलेल्या माणसाचा एक अख्खा श्वास! ही वाढ पुढे एका पातळीला थांबते, पण तोवर छातीच्या तळाशी असलेला श्वासाचा मुख्य स्नायू, घुमटासारखं श्वासपटल, दबून सपाट झालेलं असतं. मेंदू "ओढ, ओढ" असा हुकूम सोडतो आणि छाती जेमतेम हलते. हुकूम आणि हालचाल यांतली ही तफावत आपल्याला 'श्वास पुरत नाही' अशी जाणवते. त्यानं जीव घाबरा होतो, श्वास आणखी जलद होतो, हवा आणखी अडकते. अशा वेळी लांब श्वास घ्यायला सांगणं म्हणजे काठोकाठ भरलेल्या घागरीत पाणी ओतणं.

"हे सगळे मनाचे खेळ" असं घरच्यांनी म्हणू नये. मेंदूतलं अमिग्डला हे भीतीचं केंद्र दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या तीन रुग्णांवरचा एक प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एकीला सापांचीही भीती वाटत नसे. तिघांना 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, आणि तिघंही भयानं कासावीस झाले! गुदमरण्याची भीती अमिग्डलावाचूनही उठू शकते. धीट माणसालाही ती सोडत नाही.

मग करायचं काय? बसा, पुढे झुका, कोपरं टेबलावर टेका. नाकानं साधाच श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून, बशीतल्या गरम चहावर घालतो तशी हलकी फुंकर घालत त्याच्या दुप्पट वेळ सोडा. ओठांच्या अडथळ्यामुळे नळ्यांत थोडा दाब टिकतो आणि त्या मिटत नाहीत. चेहऱ्यावर पंख्याचा वारा घेतला तरी धाप हलकी वाटते. डॉक्टरांनी तातडीसाठी दिलेला पंप हाताशी हवाच.

मोबाइलवर फिरणारे 'दोन मिनिटांत फुप्फुस साफ' करणारे उपाय मात्र ऐन धापेत करू नका. त्या क्षणी कपालभाती म्हणजे श्वास आणखी जलद करणं. कागदी पिशवीत श्वास घेणं तर या रुग्णांना धोक्याचं आहे, आणि मनानं घेतलेली झोपेची गोळीही.

ओठ निळसर पडले, बोलताना वाक्य पुरं होईना, छातीत दुखू लागलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर फुंकरीवर वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. एरवी सराव बरं वाटत असतानाच करावा, रोज सकाळी चहाच्या वेळी पाच मिनिटं, आणि घरातल्या एकानं तरी शेजारी बसून तो शिकून घ्यावा.