साखर किती, गोडी किती

जालना तालुक्यातल्या कडवंचीसारख्या द्राक्षाच्या गावात जानेवारी-फेब्रुवारीत व्यापारी बागेत येतो तो रिफ्रॅक्टोमीटर घेऊनच. मणी चिरडायचा, रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा: 18 ब्रिक्स, 20 ब्रिक्स. ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम रसात विरघळलेला ऐवज किती ग्रॅम आहे त्याचं माप, आणि पिकल्या द्राक्षात हा ऐवज बहुतांशी साखरच असतो. द्राक्षापुरता हा हिशेब सरळ आहे. त्याच रसाची वाइन झाली की मात्र तो बिघडतो. बाटलीवर 'ऑफ-ड्राय' (किंचित गोड) किंवा 'सेमी-स्वीट' (अर्धगोड) लिहिलेलं असतं. एकाला ती गोड लागते, दुसऱ्याला आंबट, आणि तिसरा 'गोड वाइन नवशिक्यांसाठी' म्हणून नाक मुरडतो. या तिसऱ्याशी माझं मुळीच पटत नाही.

आधी साखरेचं बघू. द्राक्षाच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा जवळपास सारख्या प्रमाणात असतात. यीस्ट त्या खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. वाइन करणाऱ्यांचा ठोकताळा असा, की लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखर खपली की अल्कोहोल 1 टक्क्याने वाढतं. लिटरमागे 220 ग्रॅम साखर असलेला रस शेवटपर्यंत आंबू दिला तर साधारण 13 टक्के अल्कोहोल येतं आणि साखर जवळपास संपते. ही झाली ड्राय, म्हणजे कोरडी वाइन. तोच रस 20 ग्रॅम साखर उरलेली असताना थांबवला, तर अल्कोहोल 12 टक्क्यांच्या किंचित खाली राहतं आणि वाइन अर्धगोड होते. यात एक गंमत आहे. यीस्टला ग्लुकोज जास्त प्रिय, ते आधी संपतं. मागे उरते ती मुख्यतः फ्रुक्टोज, आणि ती ग्लुकोजपेक्षा बरीच जास्त गोड. म्हणून उरलेली साखर थोडी असली तरी तोंडात चांगली जाणवते.

अर्धवट आंबलेलं पेय आपल्याकडे नवं नाही. नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाला लागून असलेल्या भागात शिंदी पिणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक आहे. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, ऊन चढेल तसा तो आंबट आणि कडक होत जातो. मधे एक वेळ अशी येते की गोडी, आंबटपणा आणि नशा तिन्ही एकत्र असतात. शिंदीला तिथे थांबवता येत नाही. वाइनला थांबवता येतं. टाकी थंड करून शून्य अंशाच्या आसपास आणली की यीस्ट सुस्तावून तळाशी बसतं. मग वाइन 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात. यीस्टची पेशी काही मायक्रॉनची असल्यामुळे ती गाळणीत अडकते. सोबत थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात. दुसरी रीत जर्मनीत रुजलेली: वाइन पूर्ण कोरडी होऊ द्यायची आणि बाजूला राखून ठेवलेला न आंबलेला रस शेवटी थोडा मिसळायचा.

गाळणीत हयगय झाली तर काय होतं याचाही हिशेब आहे. बंद बाटलीत लिटरमागे 24 ग्रॅम साखर आंबली की सुमारे 6 वातावरणांचा, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सहापट दाब तयार होतो. शॅम्पेनमध्ये हेच मुद्दाम घडवतात आणि त्यासाठी जाड काचेची बाटली वापरतात. साध्या बाटलीत यीस्ट जिवंत राहिलं आणि ती मे महिन्यात परभणीच्या एखाद्या खोलीत ठेवली, तर बूच उडणं हा त्यातल्या त्यात सौम्य परिणाम म्हणायचा.

खरं कोडं साखरेत नाही, आम्लात आहे. युरोपीय कायद्यानुसार ड्राय वाइनमध्ये लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर चालते. पण आम्लता पुरेशी असेल, म्हणजे साखरेपेक्षा 2 ग्रॅमहून जास्त कमी नसेल, तर 9 ग्रॅमपर्यंतही ती ड्रायच ठरते. जीभ साखर एकटी मोजत नाही, हे कायद्यालाही मान्य करावं लागलं. रीसलिंग द्राक्षाची वाइन करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तर साखरेला आम्लाने भागायची पद्धतच घालून दिली आहे. उत्तर 1 च्या आत असेल तर ड्राय, 1 ते 2 मध्यम ड्राय, 2 ते 4 मध्यम गोड, त्यापुढे गोड. आता दोन वाइन घ्या, दोन्हींत लिटरमागे 20 ग्रॅम साखर. एकीत 9 ग्रॅम आम्ल, दुसरीत 4.5. पहिलीचं उत्तर 2.2 येतं, म्हणजे मध्यम गोडीची नुकती सुरुवात. ती तरतरीत लागते आणि दुसरा घोट मागते. दुसरीचं 4.4. ती चिकट, बोजड, दोन घोटांत नकोशी. साखर एका ग्रॅमनेही कमी-जास्त नाही.

मराठवाड्यातला पेच इथेच आहे. साखर भरायला आपल्याकडे ऊन हवं तेवढं आहे. टिकत नाही ते आम्ल. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक तसं चिवट असतं. मॅलिक मात्र मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागल्यावर, श्वसनात जळायला लागतं आणि उष्णता जितकी जास्त, तितकं ते लवकर जळतं. मॅलिक आम्लाची चव ज्यांना बघायची असेल त्यांनी हिवाळ्यात हरभऱ्याच्या रानात जावं: पहाटे पाल्यावर जी आंब असते, जी आपले लोक फडकी टाकून गोळा करत आले, तिच्यात हेच आम्ल भरपूर असतं.

आपल्या बागायतदाराच्या हातात मात्र एक गोष्ट आहे जी मोझेल नदीकाठच्या जर्मन शेतकऱ्याकडे नाही: छाटणीची तारीख. थंड देशात वेल हिवाळ्यात आपणहून झोपी जातो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी अशी दोनदा कात्री चालवावी लागते, आणि पीक एकच घेतात. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात असं नोंदवून ठेवलं आहे. त्यामागचं कारणही न झोपणारा वेलच. गोडी छाटणी आगाप घेतली तर मणी जानेवारीच्या थंड रात्रींत पिकतात आणि आम्ल बरंच टिकतं. उशीर झाला की मार्चच्या उन्हात ब्रिक्सचा आकडा झकास दिसतो आणि आंबटपणा गेलेला असतो. मराठवाड्यात पिकतं ते बहुतेक खायचं द्राक्ष, त्याला हे चालून जातं. वाइनला नाही.

साखरेचा भास होण्याचं आणखी एक कारण म्हणजे वास. मस्कत जातीच्या द्राक्षात लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य असतं, जे आपल्या धन्यातही भरपूर आहे. फळांचा, फुलांचा वास आला की मेंदू गोडीची तयारी करून बसतो. पूर्ण कोरडी वाइनही मग 'गोड आहे' असं वाटतं. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्यावा. तेव्हाही गोड लागली तर साखर आहे; गोडी गायब झाली तर तो नाकाचा खेळ होता.

आता जेवणाकडे येऊ, कारण अर्धगोड वाइनचं खरं काम तिथेच आहे. येसराची आमटी, काळ्या मसाल्याचं मटण, छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया, सोबत ठेचा. यापुढे 14 टक्क्यांची तांबडी ड्राय वाइन ठेवणं म्हणजे आगीत तेल, आणि हे मी रागाने म्हणत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही-1 नावाच्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला चिकटतं. हा ग्राहक एरवी 42-43 अंश सेल्सिअसच्या उष्णतेला जागा होतो. अल्कोहोलच्या सान्निध्यात हीच मर्यादा सुमारे 34 अंशांपर्यंत खाली येते, असं 2002 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे तोंडाची नेहमीची ऊबही पोळल्यासारखी जाणवायला लागते. तांबड्या वाइनमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य तोंड कोरडं करून त्यात भर घालतं. अल्कोहोल 9 ते 11 टक्के, थोडी साखर आणि भरपूर आम्ल असलेली पांढरी वाइन याच्या उलट वागते. साखर जाळ दाबते, आम्ल तेलाचा तवंग कापतं. नाशिककडच्या, शेनिन ब्लां या द्राक्षाच्या काही वाइनमध्ये अशी साखर मुद्दाम ठेवलेली असते. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं वूव्रे हे याच द्राक्षाचं जुनं घर. हुरड्याबरोबरची लसणाची चटणीही अशा वाइनपुढे नमते.

खरेदी करताना फसवणारे शब्द दोन-चारच आहेत. फेसाळ वाइनमध्ये 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रूट' या जवळपास कोरड्या प्रकारापेक्षा जास्त गोड असते, 'सेक' त्याहून गोड आणि 'डेमी-सेक' म्हणजे लिटरमागे 32 ते 50 ग्रॅम साखर. लेबलवर शब्दच नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघावा: साध्या वाइनवर 8-9 टक्के लिहिलं असेल तर साखर मागे उरली असण्याची शक्यता मोठी.

'गोड म्हणजे जास्त कॅलरी' हा समजही तपासून घ्यावा. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये 7 कॅलरी असतात, साखरेच्या ग्रॅममध्ये 4. 12.5 टक्क्यांच्या ड्राय वाइनच्या 150 मिलीमध्ये अल्कोहोलच्या सुमारे 104 कॅलरी येतात. 9 टक्क्यांच्या आणि लिटरमागे 20 ग्रॅम साखरेच्या वाइनमध्ये दोन्ही मिळून सुमारे 87. याचा अर्थ ती औषधी झाली असा नाही. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे. मधुमेहींनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

पेल्यात वाढताना अर्धगोड वाइन 8 ते 10 अंशांवर असावी. परदेशी पुस्तकांतलं 'खोलीचं तापमान' आपल्या खोल्यांना लागू नाही. वाइन कोमट झाली की जिभेवरचे गोडीचे ग्राहक जास्त जोमाने काम करतात आणि तीच वाइन पाकासारखी लागते. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये बूच लावून तीन-चार दिवस टिकते. साखर असल्याने ती जास्त टिकेल हा भ्रम आहे, मुरंब्याएवढी साखर तिच्यात नसते.