टोमॅटोचे कप्पे कुठे ठरतात?

टोमॅटो आडवा कापला की आतले कप्पे दिसतात. दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या रानटी पूर्वजाचं फळ जेमतेम बोराएवढं आणि बहुधा दोनच कप्प्यांचं. मोठ्या सॅलड टोमॅटोत मात्र आठ-आठ कप्पे सहज सापडतात. ही निव्वळ खतपाण्याची किमया नव्हे. फळ धरण्याच्या कितीतरी आधी, कळी नीट आकारालाही आलेली नसताना, कप्प्यांची संख्या ठरलेली असते.

ती ठरते शेंड्यात. प्राण्यांचे बहुतेक अवयव गर्भातच आखले जातात. झाड मात्र जन्मभर नवी पानं-फुलं घडवत राहतं, कारण त्याच्या टोकाशी मूलपेशींचा, म्हणजे नवे अवयव घडवू शकणाऱ्या पेशींचा, एक बारीकसा साठा असतो. शाळेच्या पुस्तकातली प्ररोहस्थ विभाजी ऊती ती हीच. साठा आटला तर वाढ खुंटते, फुगला तर अवयव बेसुमार होतात.

त्यावर लक्ष ठेवणारी जोडी आधी अरॅबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपात सापडली. वुशेल हे जनुक साठ्याच्या खालच्या पेशींत काम करतं. त्याचं प्रथिन वर सरकून मूलपेशींना मूलपेशीच राहायला लावतं आणि तिथलं क्लाव्हाटा-३ हे जनुकही चालू करतं. क्लाव्हाटा-३ पासून बनणारा इवलासा रेणू खाली झिरपून वुशेललाच आवर घालतो. म्हणजे वुशेल आपला लगाम आपणच तयार करतं! २००० साली हे चक्र उलगडलं.

टोमॅटोत हा लगाम सैल झाला आहे, तोही दोन ठिकाणी. एक बदल वुशेलच्या शेजारी. दुसऱ्यात डीएनएचा जवळपास तीन लाख अक्षरांचा तुकडा उलटा बसला आहे. आधी त्याचा आळ दुसऱ्याच जनुकावर होता. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत झॅकरी लिपमन यांच्या गटाने दाखवलं, की मोडला आहे तो क्लाव्हाटा-३ चा नियंत्रक भाग, म्हणजे जनुक किती चालावं हे ठरवणारा त्याच्या लगतचा डीएनए. जनुक शाबूत, पण आवाज क्षीण. मग कळीचा शेंडा रुंदावतो, त्यावर फळाचे कप्पे घडवणारी दलं जास्त मावतात आणि कप्पे वाढतात. मोठं फळ पाहून बी राखणाऱ्या शेतकऱ्यांनी नकळत नेमके हेच बदल जपले.

क्लाव्हाटा-३ अगदीच निकामी केलं तर फुलं-फळं वेडीवाकडी होतात. म्हणून २०१७ मध्ये याच गटाने जनुकाला हात न लावता फक्त त्याचा नियंत्रक भाग क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने जागोजागी कातरला आणि कमी-अधिक कप्प्यांच्या टोमॅटोंची अख्खी मालिका मिळवली.