भट्टी बेकरीवाल्याची, बटाटा फेरीवाल्याचा

ब्रिटनमध्ये जॅकेट पोटॅटो म्हणजे दमून घरी आलेल्या माणसाचं जेवण. मोठा बटाटा सालासकट धुवायचा, ओव्हनमध्ये टाकायचा, तासा-सव्वातासाने काढून वर चीर द्यायची. मग लोणी, किसलेलं चीज, नाहीतर टोमॅटोच्या रसातल्या बीन्स. इतकं सोपं. पण एकोणिसाव्या शतकात लंडनच्या कष्टकऱ्याला हाच पदार्थ घरी करता येत नव्हता. बटाटा स्वस्त होता, पण भट्टी नव्हती. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडे जेमतेम एक शेगडी असायची आणि एका बटाट्यासाठी दीड तास कोळसा जाळणं परवडण्यासारखं नव्हतं. या पदार्थाच्या इतिहासात मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बटाटा कोणी पिकवला यापेक्षा विस्तव कोणाकडे होता, यावर त्याची सगळी वाटचाल ठरली.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पेरू-बोलिव्हियाच्या उंच पठारावर तो हजारो वर्षांपासून पिकतो आणि तिथे तो सालासकट भाजण्याची ‘वातिया’ नावाची पद्धत आजही आहे. शेतातल्याच मातीच्या ढेकळांची घुमटी रचायची, आत जाळ करून ती तापवायची, बटाटे आत टाकायचे आणि तापलेली घुमटी त्यांच्यावरच पाडायची. भांडं नाही, पाणी नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांबरोबर बटाटा युरोपात आला. त्याच्या नावाची मात्र तेव्हाच सरमिसळ झाली. ‘बटाटा’ हा कॅरिबियन बेटांवरचा शब्द, आणि तिथे तो रताळ्याचा होता. इंग्रजांचा ‘पोटॅटो’ त्यातूनच आला. पोर्तुगिजांनी तो शब्द आपल्या किनाऱ्यावर आणला आणि मराठीत बटाटा म्हणजे बटाटाच झाला. म्हणजे इंग्रजी आणि मराठी या दोन्ही भाषा या कंदाला गेली काही शतकं रताळ्याच्या नावानेच हाक मारत आहेत.

आता लंडन. पत्रकार हेन्री मेह्यू याने तिथल्या रस्त्यांवर पोट भरणाऱ्या माणसांशी बोलून जे लिहून ठेवलं, ते १८५१ मध्ये पुस्तकरूपाने आलं. त्यात भाजलेले बटाटे विकणाऱ्यांवर स्वतंत्र मजकूर आहे आणि आज वाचतानाही तो धंदा डोळ्यांपुढे उभा राहतो. मेह्यूच्या म्हणण्याप्रमाणे या रूपातला हा धंदा तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. फेरीवाला बरो मार्केट किंवा टूली स्ट्रीटवरून माल उचलायचा. हंड्रेडवेटमध्ये, म्हणजे सुमारे ५० किलोंमध्ये, २८० ते ३०० बटाटे बसायचे. घरी नेऊन धुवायचा, सुकवायचा आणि टोपल्यांतून बेकरीत पोचवायचा. बेकरीवाला मोठ्या पत्र्यांवर ते दीड तास भाजून द्यायचा आणि हंड्रेडवेटमागे नऊ पेन्स भाजणावळ घ्यायचा. आपण दळण गिरणीत टाकतो, तसंच हे.

भाजलेले बटाटे दीड वार हिरव्या लोकरी कापडात गुंडाळून परत यायचे. पुढे त्यांचं घर म्हणजे फेरीवाल्याचा डबा. चार पायांवर उभा असलेला पत्र्याचा डबा, त्याखाली टांगलेली लोखंडी शेगडी, शेगडीच्या डोक्यावर आतल्या बाजूला लपवलेलं गरम पाण्याचं पात्र, आणि वाफ बाहेर सोडायला एक छोटी नळी. डब्याच्या एका टोकाला लोणी-मिठाचा कप्पा, दुसऱ्या टोकाला कोळशाचा. कोणाचा डबा लाल रंगवलेला, कोणाचा घासूनपुसून लखलखीत, कोणाला पितळी पट्ट्या. अर्ध्या पेनीत एक बटाटा मिळायचा. मुख्य गिऱ्हाईक कामकरी वर्गाचं, पण मेह्यू सांगतो की बरे कपडे घातलेली मंडळीसुद्धा बटाटा घेऊन खिशात टाकायची आणि घरी जाऊन रात्री खायची. ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत हंगाम चालायचा. कडाक्याच्या थंडीत काही जण तो आधी हात शेकायला घ्यायचे.

याच मजकुरातली एक नोंद मला फार मोलाची वाटते. फेरीवाले मोठे आणि खरबरीत सालीचे बटाटे निवडून घ्यायचे, कारण ते आतून पिठूळ निघतात; चिकट जातीचा बटाटा भट्टीत सुरकुततो. आजचं पाकशास्त्र याहून वेगळं काही सांगत नाही, फक्त त्यामागचं कारण देतं. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त असतो. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे स्टार्चचे कण आतलं पाणी शोषून फुगतात, पुढे पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं आणि पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. मऊ भुसभुशीत गर म्हणतात तो हाच. चिकट बटाट्यात स्टार्च कमी, पेशी घट्ट, म्हणून तो भाजीच्या फोडींना चांगला आणि भाजायला निरुपयोगी.

वरच्या टॉपिंगची गोष्ट बरीच उशिराची. डबाबंद बीन्स १८८६ मध्ये लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानात अमेरिकेहून आलेली चैनीची वस्तू म्हणून विकल्या गेल्या. त्या गरिबाच्या ताटात यायला पुढची काही दशकं लागली. दुसऱ्या महायुद्धात लोणी आणि चीज रेशनवर गेलं, बटाटा मात्र युद्ध संपेपर्यंत मोकळा राहिला. गहू बोटींनी आणावा लागे आणि बटाटा घरचा, म्हणून अन्न मंत्रालयाने ‘पोटॅटो पीट’ नावाचं बटाट्याचं व्यंगचित्र काढून लोकांना तो जास्त खायला सांगितलं. चीजवरचं रेशन थेट १९५४ मध्ये उठलं. आज अगदी पारंपरिक वाटणारी चीज-बीन्सची जोडी त्यामुळे प्रत्यक्षात आपल्या आजी-आजोबांच्याच काळातली.

अमेरिकेत वेगळंच घडलं. तिथे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने १९०९ पासून यॅकिमा खोऱ्यातले अवाढव्य बटाटे भाजून लोण्यासह डायनिंग कारमध्ये वाढायला सुरुवात केली आणि त्यावर आपली जाहिरात उभी केली. इस्तंबूलच्या ओर्ताकॉयमध्ये ‘कुंपिर’ मिळतो. त्यात लोणी आणि चीज गरातच घोटतात आणि वर ऑलिव्ह, मका, लोणच्याच्या फोडी असा डोंगर रचतात.

ब्रिटनमध्ये घरोघरी ओव्हन आला आणि रस्त्यावरचा डबा मागे पडला. १९७४ मध्ये एडिंबरामध्ये ‘स्पडुलाइक’ हे फक्त जॅकेट पोटॅटोचं दुकान निघालं, पुढे त्याची देशभर साखळी झाली. मग मायक्रोवेव्ह आला. दीड तासाचं काम दहा मिनिटांवर आलं, पण त्यात ज्या सालीवरून पदार्थाला नाव मिळालं तीच साल गेली. मायक्रोवेव्ह बटाट्यातल्या पाण्याला तापवतो, बाहेरची हवा थंडच राहते. त्यामुळे साल दमट आणि चामट होते. फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवला तरी हेच, कारण वाफ आत कोंडते आणि बटाटा भाजण्याऐवजी उकडतो. शिवाय फॉइलमधला भाजका बटाटा तसाच बाहेर ठेवून देणं धोक्याचं आहे. हवा न मिळाल्याने त्यात बॉट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात.

मी शिकायला इंग्लंडात होते तेव्हा कॅन्टीनमध्ये शाकाहारी माणसाला खात्रीने मिळणारा पदार्थ हाच होता, आणि तो बहुधा मायक्रोवेव्हमधला असायचा. साल ताटाच्या कडेला काढून ठेवायची असते, असंच मला वाटायचं. पहिल्यांदा ओव्हनमधला खाल्ला तो हिवाळ्यात, एका मराठी काकूंच्या घरी. त्यांनी बटाटा धुऊन अगदी कोरडा पुसला, काट्याने चार-सहा टोचे मारले, चमचाभर तेल आणि जाडं मीठ सालीला चोळलं आणि २०० अंशांवर थेट जाळीवर ठेवला. सव्वा तासाने काढून बोटाने टकटक केलं, तर कोरड्या पापडासारखा आवाज आला. “चीर लगेच द्यायची हं, नाहीतर वाफ आत राहते आणि साल परत मऊ पडते,” काकू म्हणाल्या. वर अधिकाच्या चिन्हासारखी चीर दिली, चारी बाजूंनी आत दाबलं तसा पांढरा गर फुलासारखा वर आला. लोणी आधी, ते गरात मुरेपर्यंत दम धरायचा. मग मीठ, आणि सगळ्यात शेवटी चीज.

आपल्याकडे हे करून बघायचं तर भाजीच्या नेहमीच्या नव्या बटाट्याच्या मागे लागू नये. वेफर्ससाठी पिकवतात ती कुफरी चिप्सोना मिळाली तर उत्तम, तिच्यात पाणी कमी आणि स्टार्च भरपूर. नाही मिळाली, तर बाजारात ढिगातून जुना, मोठा, खरबरीत सालीचा बटाटा हाताने चाचपून निवडायचा, टूली स्ट्रीटवरचे फेरीवाले निवडायचे तसाच.