मोठा कोण आणि जिंकेल कोण: हेवीवेटच्या वादातले दोन प्रश्न

हेवीवेट बॉक्सिंगवर वाद घालायला सांगलीत बॉक्सर असावं लागत नाही. संध्याकाळी तालमीतनं बाहेर पडलेली पोरं चहाच्या गाड्यावर मोबाईलवर माइक टायसनचे नॉकआउट बघतात आणि तिथंच सुरू होतं. "अलीनं ह्याला आठव्या राउंडला झोपवला असता." "अली ऱ्हाऊ दे, मार्सियानो एकदा तरी हरलाय का?" "अरे, आजचा फ्युरी बघ की, सहा फूट नऊ इंच. तुझा मार्सियानो त्याच्या खांद्याला तरी लागंल का?" निकाल काही लागत नाही, कारण बोलणारे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या अंगावर फेकत असतात. मोठा कोण, हा एक. समोरासमोर आले तर जिंकेल कोण, हा दुसरा.

आपल्या भागात हा फरक कळायला अवघड नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, गट ५७ किलोचा. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने भारी वजनाचे. या दोघांची जोड कुठल्याही जत्रेत पंचांनी लावली नसती. पण जोड लागत नाही म्हणून खाशाबा लहान, असं म्हणणारा माणूस सातारा-सांगलीत मिळायचा नाही.

हेवीवेटमध्येच नेमका घोळ का होतो? तिथं वजनाला वरची मर्यादाच नाही. रॉकी मार्सियानो सुमारे ८५ किलोला लढायचा. २००२ साली टायसनला आठव्या राउंडमध्ये झोपवताना लेनॉक्स लुईस ११३ किलोच्या आसपास होता. दोघंही हेवीवेट चॅम्पियन, पट्ट्याचं नावही तेच, म्हणून जोड बरोबरीची वाटते. आजच्या हिशोबानं मार्सियानो क्रूझरवेट भरतो. तो गट २०० पौंडांवर, म्हणजे ९०.७ किलोवर संपतो.

मोठेपणाचा हिशोब त्या माणसाच्या स्वतःच्या काळात मांडायचा. समोर कोण होते, किती वर्षं टिकला, कुणाला टाळलं. जो लुई १९३७ ते १९४९ चॅम्पियन राहिला आणि त्यानं २५ वेळा किताब राखला. मार्सियानो ४९ लढती लढला, ४९ जिंकला, त्यातल्या ४३ नॉकआउटनं. मात्र १९५१ साली त्यानं हरवलेला जो लुई ३७ वर्षांचा होता आणि १९५२ साली ज्याच्याकडून किताब घेतला तो जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा. ४९-० हा आकडा खणखणीत आहे, तरी लुईच्या २५ पुढं मी तो दुसराच ठेवतो.

जिंकेल कोण, या प्रश्नात असला हिशोब फारसा कामाला येत नाही. तिथं अंगकाठी, लढायची ढब आणि नियम, एवढंच बघायचं. अंगकाठीवरही सगळं सोपवता येत नाही. १९१९ साली ८५ किलोच्या जॅक डेम्प्सीनं १११ किलोच्या जेस विलार्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा पाडलं. आता विलार्ड तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि बरीच वर्षं लढलेला नव्हता, हे खरं. पण २०२४ च्या मे महिन्यात रियाधला ओलेक्सांद्र उसिकनं ६ फूट ९ इंचांच्या टायसन फ्युरीला गुणांवर हरवलं तेव्हा तसलं काही कारण द्यायला जागा नव्हती. उसिक आधी क्रूझरवेटचाच चॅम्पियन.

ढबीचं गणित तर साफ उलटंसुलटं. जो फ्रेझरनं १९७१ साली मुहम्मद अलीला हरवलं. १९७३ च्या जानेवारीत जॉर्ज फोरमननं फ्रेझरला दोन राउंडांत सहा वेळा आडवं केलं. त्याच मार्चमध्ये केन नॉर्टननं अलीचा जबडा मोडून लढत जिंकली आणि पुढच्या वर्षी फोरमननं नॉर्टनलाही दोनच राउंडांत गुंडाळलं. या हिशोबानं फोरमनपुढं अलीनं उभंसुद्धा राहायला नको होतं. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला अलीनं दोरांना टेकून त्याला मारू दिलं, दमवलं आणि आठव्या राउंडला पाडलं. चारही माणसं एकाच काळातली, फ्रेझर-नॉर्टन सोडले तर एकमेकांशी प्रत्यक्ष लढलेली, तरी "यानं त्याला हरवलं म्हणजे हा त्यालाही हरवणार" हे सूत्र टिकत नाही. मग ५० वर्षांच्या अंतरावरच्या दोघांना ते लावायचं कसं?

नियमांकडं गाड्यावर कुणाचं लक्षच जात नाही आणि खरी गंमत तिथंच आहे. पूर्वी किताबाच्या लढती १५ राउंडांच्या असत. १९८२ साली दक्षिण कोरियाच्या किम डुक-कूचा लढतीनंतर मृत्यू झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्या १२ राउंडांवर आल्या. आता मागं जाऊन दोन लढती बघा. जून १९४१ मध्ये न्यूयॉर्कला लुईसमोर बिली कॉन होता, वजन जेमतेम ७९ किलो. फिरत, डावा हात सोडत, लुईला हवेत ठोसे मारायला लावत त्यानं १२ राउंड काढले, तेव्हा तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर तो पुढं होता आणि तिसऱ्याच्या कागदावर बरोबरी. शहाण्यानं उरलेले तीन राउंड पळून काढले असते. कॉन १३ व्या राउंडला लुईला पाडायलाच गेला, जवळ आला आणि स्वतःच आडवा झाला. दुसरी लढत मार्सियानो आणि वॉलकॉटची, १९५२ ची. पहिल्याच राउंडला मार्सियानो खाली बसला होता. १२ राउंड संपले तेव्हा तिन्ही कागदांवर तो मागं होता. १३ व्या राउंडला उजव्या हाताचा आखूड ठोसा वॉलकॉटच्या जबड्यावर बसला आणि वॉलकॉट दोराला एक हात अडकवून खाली घसरला.

आजच्या नियमात हे दोन्ही १३ वे राउंड झालेच नसते. कॉन चॅम्पियन झाला असता आणि मार्सियानोच्या ४९-० ला तिथंच तडा गेला असता. म्हणून कुणी मार्सियानोविरुद्ध लुईस किंवा लुईविरुद्ध फ्युरी अशी जोड लावली की मी आधी विचारतो, राउंड किती? त्याच्या पाठोपाठ दुसरं: जुन्या माणसाला होता तसा उचलून आणायचा, का आज जन्माला घालून आजचा खुराक, आजचा सराव द्यायचा? होता तसा आणला तर मार्सियानो लेनॉक्स लुईसच्या २८ किलो मागं पडतो. आज जन्मला असता तर तो मार्सियानो राहिला असता का, कुणास ठाऊक.

यंत्राकडूनही हे करून झालंय. अलीवर बंदी होती त्या काळात, १९६९ साली, त्याला आणि निवृत्त मार्सियानोला रिंगमध्ये उभं करून खोटे राउंड चित्रित केले, शेवट बरेच घेतले आणि कॉम्प्युटरच्या नावावर निकाल दिला. जानेवारी १९७० मध्ये तो थिएटरात दाखवला: मार्सियानोचा नॉकआउट, तोही १३ व्या राउंडला! बघायला मार्सियानो नव्हता. ऑगस्टमध्येच विमान अपघातात गेला होता. आकडे भरून यंत्रानं जे सांगितलं ते मला लढतीपेक्षा मोठेपणाचंच उत्तर वाटतं. न हरलेला माणूस हरताना दाखवायचा कसा?

माझी जोड विचाराल तर लुई आणि उसिक, १२ राउंड. मोठा लुई, त्यात शंका नाही. पण कॉननं ७९ किलोत जे करून दाखवलं तेच उसिक शंभर किलोत करतो, डावखुरा उभा राहून करतो, आणि १३ वा राउंड नसल्यानं त्याला घाई करायचं कारणही उरत नाही. उसिक, गुणांवर. १५ राउंड ठेवणार असाल तर मात्र पैसे आत्ताच लावू नका.