चर्चदर्शन

सुटीत एखाद्या जुन्या शहरात गेलेल्या प्रवाशाने तेथील ऐतिहासिक चर्च आणि त्यांतील धार्मिक कलाकृती पाहण्यासाठी दिलेली भेट. तीर्थयात्रेहून ती वेगळी असली, तरी पाहिली जाणारी वास्तू बहुधा नांदते प्रार्थनास्थळ असते. त्यामुळे मिस्सा (कॅथलिक पंथीयांची सामूहिक उपासना) चालू असताना आत हिंडणे वर्ज्य मानतात आणि खांदे व गुडघे झाकणाऱ्या पोशाखाची अनेक ठिकाणी अपेक्षा असते.

संग्रहालयातले धार्मिक चित्र बहुधा मूळ जागेवरून हलवलेले असते. चर्चमधले चित्र मात्र ज्या भिंतीसाठी, ज्या उंचीसाठी आणि ज्या उजेडासाठी रंगवले, पुष्कळदा तेथेच पाहायला मिळते. रोममधील सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये मात्तेओ काँतारेल्ली या फ्रेंच कार्डिनलच्या (वरिष्ठ धर्मगुरूच्या) चॅपेलात, म्हणजे चर्चमधील छोट्या उपासनाकक्षात, काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची तीन चित्रे आहेत. मात्तेओ म्हणजेच मॅथ्यू, म्हणून तिन्ही चित्रे त्या नावाच्या संताची. बाजूच्या भिंतींवरील दोन चित्रे १५९९–१६०० मधील असून चॅपेल अरुंद असल्यामुळे ती बाहेरून तिरपीच पाहावी लागतात. डाव्या भिंतीवर येशू मॅथ्यूला बोलावतो, तेव्हा पैसे मोजत बसलेल्या मंडळींच्या मेजावर उजवीकडून तिरीप येते. उजवीकडेच वेदी आहे आणि तिच्या वर खरीखुरी खिडकी. उजव्या भिंतीवरील हौतात्म्याच्या चित्रात उजेड डावीकडून येतो. रंगवलेला आणि खरा उजेड यांचा हा मेळ छापील चित्रात हरवतो. इटलीतील बऱ्याच चर्चमध्ये नाणे टाकल्यावर चित्रावरचा दिवा थोडा वेळ लागतो. तो विझल्यावर लगेच निघून न जाता अंधुक उजेडात चित्र पुन्हा न्याहाळावे; मूळ भाविकांना ते बरेचसे तसेच दिसत असणार.

व्हेनिसच्या फ्रारी चर्चमधील टिशियनचे येशूची आई मरिया हिच्या स्वर्गारोहणाचे चित्र (१५१६–१८) जवळजवळ ७ मी. उंच आहे. ते मुख्य वेदीवर असून प्रवेशद्वाराकडून येणाऱ्याला मधल्या कोरीव अडभिंतीच्या कमानीतून दिसते. किल्ल्या घेतलेला पीटर किंवा बाणांनी विंधलेला सेबॅस्टियन अशा खुणा ठाऊक असल्या, तर अनोळखी चर्चमध्येही संत ओळखता येतात.

काही ठिकाणी जतनासाठी भेटीवर कडक बंधने आहेत. मिलानमध्ये लिओनार्दोने ‘अंतिम भोजन’ कोरड्या गिलाव्यावर रंगवल्यामुळे ते त्याच्या हयातीतच खराब होऊ लागले. आज आगाऊ नोंदणी केलेल्या छोट्या गटाला तेथे १५ मिनिटे मिळतात. हे चित्र चर्चमध्ये नसून लगतच्या मठाच्या भोजनगृहात आहे, हे अनेकांना तेथे पोहोचल्यावर कळते.

मूळ जागेचा आग्रह मात्र सर्वत्र धरता येत नाही. व्हेनिसमधील सान जॉर्जो माज्जोरेच्या मठातील व्हेरोनेझेचे ‘काना येथील विवाह’ हे चित्र १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने पॅरिसला नेले. ते आता लूव्र संग्रहालयात आहे. २००७ मध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृती मठाच्या भोजनगृहातील जुन्या भिंतीवर बसवण्यात आली. चित्र पॅरिसमध्ये आणि त्याची जागा व्हेनिसमध्ये, असा हा प्रकार आहे.